जेएमएफसी ते हायकोर्ट : वर्षांचा हिशोब कसा लागतो?

उदगीरची_एलएलबी

लातूरला पाच वर्षांच्या एलएलबीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा, द्यायची हे पक्कं. क्लासवाले पूर्व परीक्षेच्या पुढचं काही बोलत नाहीत, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

परीक्षेला लागणारी तीन वर्षांची वकिली कोणत्या तारखेपासून धरतात? ती तालुक्याला करावी की संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात? आणि मुख्य शंका अशी : तालुक्याच्या कोर्टात आता न्यायाधीशांच्या डायसवर निम्म्या वेळा मॅडमच दिसतात, मग हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात इतक्या कमी का? परीक्षेच्या पुढे नेमकं कुठं अडतं?

निशाणी_५

ताई, आधी वकिलीचं बघू. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात तीन वर्षांची अट परत आणली. त्याआधी महाराष्ट्रात ५५ टक्के असलेल्या ताज्या पदवीधरांना २५ वर्षं वयापर्यंत थेट बसता यायचं. अटी अधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमच्या वेळची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातली भाषा शब्दन्‌शब्द वाचा.

या निकालाप्रमाणे वर्षं मोजायची ती बार कौन्सिलच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा) पास झाल्याच्या तारखेपासून नाही. तेव्हा निकाल लागला की सनदेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. आधी एआयबीई होऊ दे, मग बघू, असं म्हणत बसणाऱ्यांचे सहा-आठ महिने फुकट जातात आणि नेमकी तेवढ्यानं एक जाहिरात हुकते.

दाखल्याची पद्धतही निकालात दिली आहे. किमान १० वर्षं सनद असलेल्या वकिलानं प्रमाणपत्र द्यायचं आणि त्यावर त्या जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा घ्यायचा. शेरा मागायला गेल्यावर ‘तुमचं वकीलपत्र कोणत्या केसमध्ये आहे?’ असं विचारलं आणि सीनियरच्या वकीलपत्रावर तुमची सहीच नसेल, तर पंचाईत. पहिल्या दिवसापासून सीनियरच्या नावाखाली स्वतःचं नाव आणि सही टाका. रोजनाम्यात हजेरी लागलेल्या केसेसची एक वही ठेवा : केस नंबर, तारीख, त्या दिवशी काय केलं. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही यात धरलं जातं.

ठिकाण? जेएमएफसी हेच ध्येय असेल तर तालुका. डोळे झाकून तालुका. खंडपीठात पहिली तीन वर्षं रिट पिटिशनच्या फाईली लावण्यात आणि मुदतीचे अर्ज लिहिण्यात जातात. साक्षीदाराची सरतपासणी, उलटतपासणी, दस्तऐवजाला निशाणी (एक्झिबिट नंबर) पडणं, मुद्देमाल ओळखणं तिथं दिसत नाही. उद्या डायसवर बसून तुम्हाला हेच करायचं आहे.

तालुक्यात काय शिकायचं ते सांगतो. निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, त्याचे किमान वीस निकाल वाचा. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान या तीन गोष्टींवर निकाल देणाऱ्यानं वेगवेगळी कारणं दिलीत की एकाच परिच्छेदात उरकलंय, ते तपासा. अपिलात उलटणारे हुकूम बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. लेखी कैफियतीची मुदत ३० दिवस आणि वाढवून ९०. ‘नो डब्ल्यूएस’ (कैफियत मुदतीत आली नाही म्हणून तिच्याशिवाय दावा पुढं नेण्याचा हुकूम) झाल्यावर तो हुकूम रद्द करून घ्यायला काय कारणं देतात, कोणती टिकतात, तेही बघा. फौजदारीत चेक बाउन्सच्या १३८ च्या केसेस, घरगुती हिंसाचार कायद्याचे कलम १२ चे अर्ज आणि रिमांड. पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे तिन्ही कायदे बदलले, पण त्याआधीचे गुन्हे जुन्या दंडसंहितेखालीच चालतात, म्हणून दोन्ही कलमं तोंडावर हवीत.

परीक्षेचं थोडक्यात : पूर्व १०० गुणांची, ते शेवटी धरत नाहीत. मुख्य परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी १०० चे. मुलाखत ५० ची. म्हणजे खरा सामना २५० चा. मराठी अस्खलित वाचता, लिहिता, बोलता येणं आणि इंग्रजीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत सहज भाषांतर करता येणं ही नियमातलीच अट आहे. आपल्याकडच्या मुली याला क्षुल्लक समजतात. ‘वहिवाट’, ‘कब्जा’ आणि ‘ताबा’ कुठं वेगळे वापरायचे ते एकदा लिहून बघा, म्हणजे कळेल.

ज्येष्ठतासूची

वरच्यांनी पाया सांगितला. ‘वर इतक्या कमी का’ याचं उत्तर मात्र परीक्षेत सापडणार नाही, ते जन्मतारखेत आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

निवृत्तीची वयं : जिल्हा न्यायाधीश ६०, हायकोर्ट ६२, सुप्रीम कोर्ट ६५. हायकोर्टात ज्येष्ठता लागते ती तिथं शपथ घेतल्या दिवसापासून. खालच्या कोर्टातली पंचवीस वर्षं त्या यादीत शून्य. सगळा खेळ हायकोर्टात कितव्या वर्षी पोचता याचा आहे.

काही ज्येष्ठ महिला न्यायमूर्तींच्या तारखा शेजारी शेजारी ठेवा.

फातिमा बीवी. जन्म ३० एप्रिल १९२७. १९५० ला वकिलीची नोंदणी, १९५८ ला केरळात मुन्सिफ, म्हणजे आपल्या जेएमएफसीच्या पायरीवर, तेव्हा वय ३१. पुढं १९६८ ला सबऑर्डिनेट जज, १९७२ ला चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट, १९७४ ला जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० ला आयकर अपील न्यायाधिकरण, १९८३ ला हायकोर्ट. तिथं पोचल्या तेव्हा वय ५६. एप्रिल १९८९ मध्ये हायकोर्टातून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर ६ ऑक्टोबर १९८९ ला सुप्रीम कोर्टात नेमणूक झाली, देशातल्या पहिल्या महिला म्हणून. निवृत्त झालेल्या न्यायाधीशाला तिथं नेणं हा अपवादच. कार्यकाळ मिळाला अडीच वर्षांचा, २९ एप्रिल १९९२ पर्यंत.

सुजाता मनोहर. जन्म १९३४, मुंबईत वकिली, १९७८ ला मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. वय ४३. १९९४ ला त्याच हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश, मग केरळात मुख्य न्यायाधीश, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुप्रीम कोर्ट. तिथं जवळपास पाच वर्षं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालाच्या तीन न्यायाधीशांत त्या होत्या. तुमच्या कॉलेजातली अंतर्गत तक्रार समिती त्या निकालातूनच आली.

रंजना देसाई. जन्म १९४९, नोंदणी १९७३, सरकारी वकिली केली, १९९६ ला मुंबई हायकोर्ट. वय ४६. कसाबची फाशी कायम करणाऱ्या हायकोर्टाच्या खंडपीठात त्या होत्या. सप्टेंबर २०११ ते ऑक्टोबर २०१४ सुप्रीम कोर्ट.

आर. बानुमती. जन्म १९५५. तामिळनाडूत १९८८ ला थेट जिल्हा न्यायाधीश. मुन्सिफाची पायरीच नाही. २००३ ला हायकोर्ट, वय ४७. २०१४ ते २०२० सुप्रीम कोर्ट, सहा वर्षांच्या आसपास.

आता बघा. सेवेत सगळ्यात खालून चढलेल्या फातिमा बीवींना हायकोर्टापर्यंत २५ वर्षं लागली. बानुमतीही सेवेतूनच आल्या, पण मधल्या पायरीवरून. त्यांना १५ लागली. बुद्धीत किंवा कष्टात डावं-उजवं नव्हतं, पायरी वेगळी होती. बी. व्ही. नागरत्ना वकिलीतून २००८ ला ४५ व्या वर्षी हायकोर्टात गेल्या, म्हणून ज्येष्ठतेच्या क्रमानं सप्टेंबर २०२७ मध्ये त्या सरन्यायाधीश होऊ शकतात. तेही जेमतेम ३६ दिवसांसाठी. देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीशांच्या वाट्याला ३६ दिवस का येतात, याचं उत्तर हेच वजाबाकीचं गणित आहे.

तुमचं गणित मांडू. २३ ला पदवी, २६ ला तीन वर्षं पूर्ण, परीक्षेची प्रक्रिया धरून २८ ला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे तेच जेएमएफसीचं पद. पुढं वरिष्ठ स्तर. तिथून जिल्हा न्यायाधीश व्हायला तीन दारं : ज्येष्ठता-गुणवत्तेची बढती, मर्यादित विभागीय परीक्षा आणि थेट भरती. मे २०२५ च्या त्याच निकालानं विभागीय परीक्षेचा वाटा १० वरून २५ टक्के केला, आणि तिला बसायला वरिष्ठ स्तरावर ३ वर्षं व एकूण ७ वर्षं सेवा पुरेशी धरली. बढतीची वाट बघत बसलात तर पन्नाशीच्या आसपास जिल्हा न्यायाधीश, मग हायकोर्ट हा नशिबाचा भाग. विभागीय परीक्षेनं गेलात तर चाळिशीच्या आत.

तिसरं दार अलीकडेच उघडलं. ९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठानं सांगितलं की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं भरत असतील तर सेवेतले न्यायाधीशही थेट भरतीला बसू शकतात. वय मात्र ३५ पूर्ण हवं. तुमच्या बाबतीत २८ पर्यंत वकिली चालू ठेवली तर ५ वर्षं वकिली अधिक २ वर्षं सेवा, म्हणजे ३० लाच सात भरतात. वयासाठी थांबायचं ३५ पर्यंत.

आणि इथंच बायकांचा पाय अडकतो. ही सात वर्षं सलग हवीत. दोन वर्षं वकिली, मग लग्न, बाळंतपण म्हणून चार वर्षं घरी, मग परत पाच वर्षं, असं चालत नाही. घटनेच्या कलम २३३ मधल्या ‘वकील आहे आणि सात वर्षं राहिलेला आहे’ अशा अर्थाच्या क्रियापदावर सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच हा अर्थ काढला होता. सेवेत शिरल्यावर बाळंतपणाची १८० दिवसांची रजा मिळते आणि सेवा अखंड राहते. वकिलीत रजा नावाची गोष्टच नाही. मूल आणि करिअर दोन्ही हवं असेल तर लवकर सेवेत शिरणं का परवडतं, ते यात आलं.

उदगीरची_एलएलबी

धन्यवाद. सलग वर्षांचं कुणीच सांगितलं नव्हतं. मग एक प्रश्न : हायकोर्टच गाठायचं असेल तर खंडपीठात वकिलीच करत राहावं का, परीक्षेच्या भानगडीत न पडता?

पडेगाव_रोड

निशाणी_५ यांच्या ‘डोळे झाकून तालुका’ला माझा विरोध इथंच आहे. हायकोर्टाचे बहुतांश न्यायाधीश वकिलांतून येतात. साधारण एक तृतीयांश जागा जिल्हा न्यायपालिकेकडे, बाकी बारकडे, म्हणजे वकिलांकडे, असा प्रघात आहे. घटनेत अट हायकोर्टातल्या १० वर्षांच्या वकिलीची. प्रत्यक्षात पंचेचाळिशीच्या आत नाव क्वचितच पुढं जातं. मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश मिळून शिफारस करतात, आणि तुमच्या नावावर किती निकाल प्रसिद्ध झालेत, मिळकत किती, सरकारी वकील म्हणून काम केलंय का, हे सगळं बघितलं जातं.

संभाजीनगरचं खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे त्याच्याखाली येतात. काम भरपूर आहे. पण पहिली दहा वर्षं मुलीला खोलीभाडं निघेल इतकी फी मिळवताना दमछाक होते, कारण जमिनीची आणि सेवेची मोठी प्रकरणं ओळखीनं फिरतात, आणि त्या ओळखी बारमधल्या चहाच्या टेबलावर होतात. तिथं मुली अजून कमी बसतात. सहायक सरकारी वकिलाच्या पॅनेलवर नाव लागणं ही त्यातली सर्वांत कामाची पायरी : रोज बोर्डावर उभं राहायला मिळतं, न्यायाधीश नावानं ओळखू लागतात.

तेव्हा उत्तर असं, ताई : घरचा आर्थिक टेकू दहा वर्षं असेल तर खंडपीठ. नसेल तर सेवा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची वेतनश्रेणी ७७,८४० पासून सुरू होते, वर भत्ते आणि क्वार्टर. जिल्हा न्यायाधीशाची १,४४,८४० पासून. हायकोर्टात २,२५,०००.

खासरा_५४

या चर्चेत एक गोष्ट राहिली. सेवेत गेल्यावर स्वतःचा जिल्हा मिळत नाही, पण मराठवाड्यातला दुसरा जिल्हा मिळू शकतो, आणि इथं पुण्या-मुंबईच्या क्लासच्या नोट्स पुरत नाहीत.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. मधल्या काळात झालेले हैदराबादचे कायदे इथल्या जमिनीला आजही चिकटून आहेत. नोट्समध्ये १९४८ चा मुंबई कुळ कायदा आणि त्याचं कुळाच्या जमीन खरेदीचं कलम ‘३२-ग’ असतं. इथं लागतो तो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. इथलं कुळाच्या मालकीचं प्रमाणपत्र ‘३८-ई’चं. दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला तर दिवाणी कोर्टानं तो स्वतः ठरवायचा नाही, कलम ९९-अ प्रमाणे तहसीलदाराकडे पाठवायचा. नवे न्यायाधीश उत्साहानं तो मुद्दा स्वतःच ठरवून मोकळे होतात आणि दहा वर्षांचा दावा अपिलातून परत येतो.

कागदांत सगळ्यांत महत्त्वाचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन कुणाची आणि कुणाच्या ताब्यात याची जुनी महसुली नोंद. हातानं लिहिलेलं, शाई उडालेली, काही ठिकाणी उर्दू. नक्कल आणि भाषांतर दोन्ही रेकॉर्डवर हवीत, आणि मूळ कुठून आलं ते सांगणारा साक्षीदार. तीस वर्षांपेक्षा जुन्या दस्ताचं गृहीतक जुन्या पुरावा कायद्यात कलम ९० होतं, नव्यात ९२. ते गृहीतक सही-शिक्क्याचं आहे, आत लिहिलेलं सगळं खरं मानण्याचं नाही. ही गल्लत फार होते.

इनाम जमिनीत मुंतखब (निजामकाळचा इनामाचा दाखला) कुणाच्या नावानं आहे आणि इनाम कशाबद्दल, हे आधी बघा. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेबद्दलची, ती सेवेकऱ्याला विकता येत नाही. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठीची. दोन्हीला एकच ‘इनाम’ म्हणून निकाल लिहिला की घोळ.

बाकी सगळीकडे असतं तेच. सातबारा आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. महसूल संहितेच्या कलम १५७ चं गृहीतक खोडता येतं. बांध कोरल्याच्या दाव्यात दोन्ही गटांची मोजणी भूमी अभिलेखकडून झाली नसेल तर कोर्ट कमिशनर नेमा, नाहीतर अतिक्रमण किती गुंठे ते हुकूमनाम्यात लिहिताच येत नाही. वाटणीच्या दाव्यात मुलींचा हिस्सा काढताना तीन तारखा लक्षात ठेवा : महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४, केंद्राची ९ सप्टेंबर २००५, आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री अबाधित. २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा वाद संपला, पण ‘तोंडी वाटणी आधीच झाली होती’ हा बचाव इथं हमखास येतो. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार मागा.

शिरस्ता

रोजच्या कामातलं थोडं. तालुक्याला एकच महिला मॅजिस्ट्रेट असेल तर शेजारच्या दोन-तीन कोर्टांतलेही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चे जबाब तिच्याकडे येतात, कारण बलात्काराच्या पीडितेचा जबाब शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटनं घ्यावा असं संहितेत आहे. रोजच्या केसेसचा बोर्ड तेवढाच राहतो, वरून हे. त्यामुळे निकाली काढलेल्या केसेसवर मिळणारे निपटाऱ्याचे युनिट कमी भरतात आणि गोपनीय अहवालात तेच दिसतं. उपाय साधा : किती जबाब घेतले, किती वेळ गेला, याचं महिन्याचं पत्रक जिल्हा न्यायाधीशांकडे न चुकता पाठवायचं.

जबाब घेताना होणाऱ्या चुका ठरलेल्या. सोबत आलेली महिला पोलीस दाराआड उभी राहते. तिला इमारतीबाहेर पाठवा आणि तसं लिहा. पीडिता ‘त्यानं मला घाण केलं’ म्हणाली तर तेच शब्द लिहा. त्याचं ‘लैंगिक अत्याचार केला’ केलंत की उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. आरोपीच्या कबुलीजबाबात विचाराला वेळ दिला का, कबूल करायला तू बांधील नाहीस हे सांगितलं का, आणि शेवटची टीप स्वतःच्या सहीनं लिहिली का, हे तीन तपासा.

मॅजिस्ट्रेटला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड आता ५०,००० पर्यंत. सत्र न्यायाधीश झाल्यावर फाशीसुद्धा, पण ती हायकोर्टानं कायम करावी लागते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश झाल्यावर निम्मा दिवस निकालांबाहेर जातो : तालुका कोर्टांची तपासणी, विधी सेवा प्राधिकरणाचं अध्यक्षपद, लोकअदालत, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची आढावा समिती, कारकुनांच्या बदल्या, गळकं छत. ५०, ५५ आणि ५८ व्या वर्षी सेवेचा आढावा होतो. तिथं जुने गोपनीय अहवाल निघतात. म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि शेरा प्रतिकूल असेल तर मुदतीत लेखी निवेदन द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

बदल्या साधारण तीन वर्षांनी, यादी उन्हाळ्यात, रुजू जूनमध्ये. मुलाच्या शाळेचा दाखला त्याच आठवड्यात काढायचा असतो, तो अर्ज एप्रिलातच भरून ठेवा.